घरी बंदूक आहे? मग तिजोरी अशी निवडा: एका माजी कोत एनसीओचा सल्ला

मी मराठा लाइट इन्फंट्रीत एनसीओ (नाईक-हवालदार दर्जाचा) होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं कोत सांभाळली. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. जाड दार, रॅकमध्ये उभ्या रायफली, ट्रिगर गार्डमधून ओवलेली साखळी, बाहेर पहारा, आणि रजिस्टरात सही झाल्याशिवाय एकही हत्यार आत येत नाही की बाहेर जात नाही.

निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांनी बारा बोअरची डबल बॅरल घेतली आणि बँकेत किंवा कॅश व्हॅनवर गनमॅन म्हणून लागले. गावाकडे काहींनी रानडुकरांपासून ऊस-भुईमूग राखायला परवाना काढला. ड्युटी संपली की ती बंदूक घरी येते. आणि घरी मी ती कुठे कुठे पाहिली आहे! साड्यांच्या मागे, पलंगाखाली गोणपाटात, माळ्यावर धान्याच्या कणगीशेजारी. पलटणीत सगळी उमर ज्यानं हत्यार साखळीला लावलं, त्याच्याच घरी नातवंडांच्या हाताशी बंदूक असावी, ह्याचा मला मनापासून त्रास होतो. परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आपणच दिलेलं असतं. ते पाळायचं कसं, एवढंच इथे सांगतो.

दुकानात जाण्याआधी घरात बसून विचार करा की बंदूक नेमकी कोणापासून राखायची आहे. लहान पोर, घरफोड्या आणि घरातलंच एखादं खचलेलं माणूस, ह्या तिघांसाठी तिजोरीकडून तीन वेगळ्या गोष्टी लागतात. पोराला अडवायला दोन मिलिमीटरचा पत्रा आणि साधं कुलूपही पुरतं, फक्त किल्ली त्याला सापडता कामा नये. घरफोड्याकडे कटावणी असते, वेळ मात्र कमी असतो. त्याच्यासाठी पत्र्याची जाडी आणि जमिनीतली पकड हवी. तिसऱ्या माणसाबद्दल पुढे सविस्तर बोलतो, कारण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

मग हत्यार मोजा. खरंच टेप लावून मोजा. ३० इंची नळीची डबल बॅरल सबंध धरली तर चार फुटांच्या आसपास भरते, आणि म्हणून लोक पाच फुटी कपाट शोधत फिरतात. पण आपली दुनळी बंदूक पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता तीन भागांत सुटते: पुढचं लाकूड, नळ्या आणि दस्ता. सगळ्यांत लांब तुकडा नळ्यांचा, म्हणजे ३० इंच. आतून ३४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि ८ इंच खोल पेटी असली की ती आरामात मावते. अशी पेटी पलंगाखाली बसते, कपाटाच्या तळाशी बसते, कोणाच्या नजरेत येत नाही. शिवाय सोडवून ठेवलेली बंदूक कोणाच्या हाती लागली तरी ती लगेच चालवता येत नाही. ३१५ बोअरच्या रायफलीचं तसं नाही. तिला उभं कपाटच लागतं, पण तिचा बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवता येतो, आणि तो ठेवाच. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाला छोटी पेटी पुरते, तिच्या धोक्याबद्दल खाली लिहिलं आहे.

इंटरनेटवर बारा-बारा बंदुकांची अमेरिकन कपाटं दिसतात. त्यांच्या मागे लागू नका. २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तेवढ्या जागेचे पैसे पत्र्याच्या जाडीत घाला.

आता पत्रा. ह्या धंद्यात गिऱ्हाइकाला सगळ्यांत जास्त इथेच फसवलं जातं. घरातलं नेहमीचं लोखंडी कपाट २० किंवा २२ गेजचं असतं, म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी, १० गेज म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास. ब्रिटनमध्ये घरगुती बंदूक-कपाटासाठी बीएस ७५५८ नावाचं मानक आहे आणि तिथे १४ गेज ही खालची मर्यादा धरतात. माझं मत विचाराल तर अंगाला ३ मिमी आणि दाराला ५ मिमी. त्याहून कमी घेऊ नका.

दुकानदार दाराची कड दाखवून म्हणेल, "बघा, इंचभर जाड आहे." ती कड म्हणजे पातळ पत्रा आत दुमडलेला असतो. दाराच्या मधोमध बोटाच्या पेराने ठोका. पोकळ, पसरट आवाज आला तर ते कपाटच आहे, तिजोरी नाही. पण खरी परीक्षा वजनाची. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा, जाडी एक मिलिमीटर, ह्याचं वजन ७.८५ किलो भरतं. हा एक आकडा वहीत लिहून घ्या. ५२ इंच उंच, १६ इंच रुंद, १४ इंच खोल अशा कपाटाला सहा बाजू मिळून सुमारे २.३ चौरस मीटर पत्रा लागतो. ३ मिमीचा असेल तर नुसत्या पत्र्याचं वजन ५४ किलो, आणि कुलूप, अँगल वेगळे. तेच कपाट ०.८ मिमीच्या पत्र्याचं असेल तर जेमतेम १४-१५ किलो. तेव्हा 'हेवी ड्युटी' लिहिलेलं कपाट दोन हमाल हसत हसत उचलत असतील तर काय ते समजा. ऑनलाइन घेताना सुद्धा मापं आणि वजन दोन्ही दिलेली असतात. मोबाइलवर गुणाकार करायला दोन मिनिटं लागतात.

मोठ्या कंपन्यांच्या तिजोऱ्या चांगल्याच असतात. भारतीय मानक ब्युरोचं तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे मानक आहे, त्याची खूण असेल तर उत्तम. पण त्या बहुतेक दागिन्यांच्या आणि कागदांच्या मापाच्या असतात, आत ३४ इंचाची सलग लांबी मिळत नाही. बंदुकीच्या मापाची हवी असेल तर मी सांगतो की फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या. आमच्याकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असं काम करणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. तुमच्या गावाजवळच्या एमआयडीसीतही मिळतील. लोखंडाचा त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा, वर सांगितल्याप्रमाणे वजन काढा, म्हणजे मजुरी किती लावली ते तुम्हाला कळेल.

बनवून घेताना चार गोष्टींवर अडून बसा. एक म्हणजे कोपऱ्यांना सलग वेल्ड. टाके मारून सोडलेल्या सांध्यात पहार घुसली की पत्रा उसवत जातो. दुसरं, दार चौकटीच्या आत बसलं पाहिजे आणि फट इतकी बारीक हवी की नखाशिवाय काही शिरू नये. बिजागऱ्या बाहेर आहेत की आत, ह्याला लोक फार महत्त्व देतात. बाहेर असल्या तरी चालतं, पण दाराच्या बिजागरीकडच्या बाजूला आतून एक जाड पट्टी वेल्ड केलेली हवी, जी दार बंद झालं की चौकटीच्या मागे अडकते. मग बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. तिसरं, कुलपाच्या मागे एक कडक पोलादी पट्टी, ज्यावर ड्रिलचं टोक घसरेल. चौथं, तळाला आणि पाठीला १२ मिमीच्या बोल्टसाठी भोकं, आणि ती रंग देण्याआधी पाडलेली. नंतर पाडली की त्या कडेने गंज सुरू होतो.

अग्निरोधक तिजोरीबद्दल एक इशारा. तिच्या दोन पत्र्यांमध्ये जे भरण असतं त्यात मुळातच पाणी धरून ठेवलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन आतलं तापमान रोखतं, कागदांसाठी ते छान. पण एरवी अशी पेटी आतून दमट राहते आणि नळीवर गंज चढतो. शिवाय स्वस्त अग्निरोधक पेट्यांचा पत्रा अगदी पातळ असतो. परवाना आणि कागदपत्रं त्यात ठेवा, बंदूक नको.

कुलपाच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे आणि त्याला कारणं आहेत. सहा किंवा आठ लिव्हरचं, लांब दांड्याच्या किल्लीचं कुलूप अंधारात चाचपून उघडता येतं, त्याला बॅटरी लागत नाही, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप घ्यायचं असेल तर चांगलं घ्या, कारण स्वस्त पेट्यांमध्ये एक छोटी विद्युतचुंबकी खीळ असते आणि वरून जोरात बुक्की मारताना मूठ फिरवली की ती खीळ उडी मारून दार उघडतं. दुकानातच करून बघा, लाजू नका. घरी आणल्यावर कारखान्याचा मूळ आकडा आणि मास्टर आकडा, दोन्ही बदला. नावाच्या पट्टीखाली किंवा झाकणाखाली आणीबाणीची किल्ली लागते, ती गोल नळीसारखी असेल तर ते कुलूप फार सोपं असतं. बॅटऱ्या बरेच महिने बदलल्या नाहीत तर पाझरून आतलं सगळं खातात.

बोटाच्या ठशाच्या पेट्यांपासून मी सगळ्यांना दूर राहायला सांगतो. आपल्या शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आधारच्या यंत्रावर काय हाल होतात ते आपण रेशन दुकानात बघतोच. पावसाळ्यात ओल्या बोटाची आणखी तऱ्हा. पण ह्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवाव्या लागल्या. ठसा नीट नोंदवलेला नसेल तर त्या कोणत्याही बोटाने उघडत होत्या. अशा पेटीतून काढलेल्या बंदुकीने बारा वर्षांचा एक मुलगा दगावल्याचा आरोप करणाऱ्या कोर्टातल्या दाव्याची नोंद त्या नोटिशीत आहे. मालकांना वाटत होतं की पेटी बंद आहे. तुमच्याकडे अशी पेटी असेलच तर आज संध्याकाळी बंदूक बाहेर काढून, पेटी रिकामी करून, घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा.

आता मुख्य गोष्टीवर येतो. तीस-पस्तीस किलोची पेटी एक जवान माणूस खांद्यावर टाकून नेतो. जमिनीला किंवा भिंतीला न आवळलेली छोटी तिजोरी म्हणजे चोराला बंदूक बांधून दिल्यासारखं आहे. घरी नेऊन तो ती सावकाश ग्राइंडरने कापेल. म्हणून मी म्हणतो की आधी भिंत बघा, मग पेटी.

नऊ इंची पक्क्या विटेची भिंत असेल तर १० किंवा १२ मिमीचे अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट) चार लावा. भोक विटेत घ्या, सांध्याच्या मसाल्यात नको, आणि गिलाव्याची जाडी खोलीत मोजू नका. साडेचार इंची पार्टिशन भिंतीवर भरवसा ठेवू नका. नव्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा फास्टनर फिरतच राहतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट लागतो, नाहीतर कॉलम शोधा. कोकणात जांभ्याची भिंत वरून घट्ट वाटते, पण भोकाच्या कडा भुरभुर ढासळतात. आणि आमच्या देशावरच्या दगड-मातीच्या जुन्या भिंतींना तर हातच लावू नका. अशा घरात जमीन खणा, दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल काँक्रीट भरा, त्यातच बोल्ट उलटे रोवा, काँक्रीट चांगलं मुरू द्या आणि मग त्यावर पेटी आवळा. गावाकडे हे सर्वांत मजबूत आणि सर्वांत स्वस्त पडतं. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये भोक पाडायचं असेल तर अडीच-तीन इंचांपुढे जाऊ नका, सळई लागली तर जागा बदला, आणि खाली पाण्याचा पाइप नाही ह्याची खात्री करा.

पेटी कोपऱ्यात बसवा, म्हणजे दोन बाजूंनी पहार घालायला जागाच राहत नाही. दार उघडण्याची बाजू भिंतीकडे असेल तर आणखी चांगलं, फक्त बंदूक बाहेर काढता येईल एवढं दार उघडलं पाहिजे. रिव्हॉल्व्हरची छोटी पेटी पुष्कळ जण कपाटाच्या प्लायवूडला स्क्रूने लावतात. अठरा मिमीचा प्लाय एका हिसक्यात फाटतो. बोल्ट प्लायच्या पार मागच्या भिंतीत गेला पाहिजे.

आता आपल्या गनमॅन भावांची अडचण. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात दहा बाय बाराची भाड्याची खोली, तीही दोघा-तिघांत. मालक भोक पाडू देत नाही. इथे आधी एक गोष्ट करा: ज्या बँकेत किंवा एजन्सीत काम करता, तिथे ड्युटी संपल्यावर शस्त्र कुलपात ठेवण्याची सोय आणि पावती मिळते का, ते विचारा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. नसेल तर मालकाला शांतपणे सांगा की खोली सोडताना भोकं बुजवून फरशी बदलून देईन. बहुतेक जण ऐकतात, कारण घरात बंदूक उघडी असण्यापेक्षा चार भोकं त्यांनाही परवडतात. तेही जमलं नाही तर लोखंडी पलंगाच्या चौकटीला पेटी आतून बोल्टने आवळा, नट पेटीच्या आत. पलंगासकट कोणी उचलून नेत नाही. ही पडती बाजू आहे, पण पलंगाखालच्या गोणपाटापेक्षा कैक पटीने बरी. खोलीतल्या सोबत्याला किल्ली द्यायची नाही, तो सख्खा मामेभाऊ असला तरी. परवाना तुमच्या नावावर आहे. बिनपरवान्याच्या माणसाच्या ताब्यात शस्त्र गेलं तर गुन्हा तुमच्यावरही येतो.

काडतुसं वेगळी. त्याच तिजोरीत ठेवायची असतील तर आत स्वतंत्र कुलपाचा कप्पा करून घ्या, किल्लीही वेगळी. काडतुसं मोजून ठेवा आणि छोट्या वहीत लिहा: तारीख, किती होती, किती वापरली, किती उरली. कोतीत आम्ही रोज मोजायचो आणि त्याचा फायदा असा की एक जरी कमी झालं तरी त्याच दिवशी कळतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे त्यांनी हे नीट ऐका: काळी दारू घट्ट बंद लोखंडी तिजोरीत कोंडू नका. आग लागली तर तिजोरीचाच बाँब होतो. तिला जाड लाकडाची, कुलूप असलेली, चुलीपासून आणि विजेपासून दूर अशी पेटी हवी.

पावसाळ्याचंही बघायला हवं. राधानगरी-गगनबावड्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओलसर असतात. पेटीच्या पाठीमागे आणि तळाशी रबराचे जाड तुकडे घालून थोडं अंतर ठेवा, बोल्ट त्यांच्यातूनच जाऊ द्या. आत स्पंज लावलेला असेल तर काढून टाका, तो ओल धरतो. बंदूक चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या गवसणीत ठेवू नका. गवसणी प्रवासासाठी असते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करा. स्वयंपाकाचा तवा मात्र वापरू नका. नळ्यांना तेलाचा हलका हात फिरवा, आणि बंदूक न सोडवता उभ्या कपाटात ठेवत असाल तर नळ्यांचं तोंड खाली करून ठेवा. उलट ठेवली तर तेल ओघळून जोडाच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

किल्ली. तिजोरी पाच मिलिमीटरची आणि किल्ली देवघराच्या कोनाड्यात, असं होऊ देऊ नका. घरातल्या पोरांना आपण कुठे काय लपवतो ते सगळं माहीत असतं. किल्ली अंगावर ठेवा, कमरेच्या करदोट्याला किंवा पट्ट्याला, आणि झोपताना उशाशी. दुसरी किल्ली बंद लखोट्यात, सही मारून, बँकेच्या लॉकरमध्ये. आकड्यांचं कुलूप असेल तर गाडीचा नंबर, जन्मसाल, लग्नाची तारीख हे आकडे वापरू नका. तुमच्या माघारी काय करायचं हेही घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा: परवानाधारक गेला तर वारसांनी बंदूक घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. लखोट्यावर तेवढं लिहून ठेवा.

आणि ते तिसरं माणूस. कर्जानं, आजारानं, घरातल्या भांडणानं खचलेलं. ते तुमचा मुलगा असेल, भाऊ असेल, तुम्ही स्वतः असाल. अशा वेळी मनात आलेला तो विचार पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरतो, आणि त्या वेळात हत्यार हाती लागू नये हीच खरी राखण. सोडवलेली बंदूक, वेगळ्या कुलपातली काडतुसं, दोन किल्ल्या, हे सगळं तेवढा वेळ मिळवून देतं. पण घरात असं कोणी आहे हे दिसत असेल तर तिजोरीवर विसंबू नका. शस्त्र काही महिने परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, ह्यात कसलीही कमीपणाची गोष्ट नाही. आणि त्या माणसाशी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बंदुकीचा नंबर, परवान्याचा युनिक आयडी क्रमांक आणि दोन फोटो तिजोरीबाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवा. चोरी झाली तर त्याच क्षणी ठाण्यात कळवायचं असतं, ती परवान्याची अट आहे, आणि तेव्हा नंबर आठवत बसायला वेळ नसतो.

निवडणुका लागल्या की आपल्यापैकी पुष्कळांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. ते दिवस वाया घालवू नका. रिकामी तिजोरी हलवून बघा, अँकरचे नट पाना लावून आवळा, कुलपात खोबरेल तेल न सोडता ग्रॅफाइटची पूड फुंका, कडेला गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासून रेडऑक्साइड मारा, बॅटऱ्या आणि आकडा बदला. मग पावती दाखवून बंदूक परत आणाल तेव्हा नंबर जुळवा, नळ्यांतून आरपार बघा आणि वहीत परतीची नोंद करा.